पटकी, सशाचं आतडं आणि दोन गाठी

खरवस | २१ जुलै, रात्री १०:१२

गेल्या आठवड्यात एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षा झाल्या. एका मुलीला मी माझा ठेवणीतला प्रश्न विचारला, "कॉलऱ्याच्या रुग्णाला ताप का येत नाही?" माणूस मरायला टेकलेला असतो, डोळे खोल गेलेले, बोटांना सुरकुत्या पडलेल्या, आणि अंग मात्र गार. ती जरा अडखळली, मग म्हणाली, "सर, जंतू आत गेलेलाच नसतो ना."

"अगं, पोटात तर गेलाय की."

"पोट म्हणजे बाहेरच, सर. तोंडापासून खालपर्यंत नुसती नळी आहे."

पूर्ण गुण दिले. घरी येताना मनात आलं, हे वाक्य इतक्या सहज म्हणता यावं म्हणून वैद्यकशास्त्राला पाऊणशे वर्षं खर्ची घालावी लागली. आणि शेवटी ते सिद्ध केलं ते कोलकात्याच्या एका सरकारी मेडिकल कॉलेजातल्या माणसाने. म्हणून हा धागा.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ च्या अखेरीस कोलकात्याला आले आणि १८८४ च्या सुरुवातीला त्यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू हाच पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू असं जाहीर केलं. (इटलीत पचिनी यांनी तो १८५४ सालीच पाहिला होता, पण तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.) कॉख यांनी तेव्हाच तर्क केला होता की हा जंतू काहीतरी विष सोडत असणार. झालं, सगळे विष शोधायला लागले. जंतू वाढवायचे, गिनीपिगच्या पोटात टोचायचे, शिरेत टोचायचे. प्राणी मरायचे. पण जुलाब होऊन नाही! मेलेल्या जंतूंच्या आवरणातल्या विषाने मरायचे, आणि तसलं विष इतर कितीतरी जंतूंत असतं. त्यावरून ठरून गेलं की पटकीचं विष म्हणजे जंतू फुटल्यावर बाहेर पडणारं हेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रोग आतड्याच्या पोकळीत चाललेला आणि सुई भलतीकडे.

शंभुनाथ डे यांचा जन्म १९१५ चा, हुगळी जिल्ह्यातला. कोलकाता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, लंडनला रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी केली आणि परत आले. परत आले ते अशा शहरात, जिथे पटकीचे रुग्ण शोधायला लांब जावं लागत नव्हतं. नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात त्यांनी जो प्रयोग केला तो सांगतो. माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे.

ससा घ्यायचा. उपाशी ठेवायचा. भूल देऊन पोट उघडायचं, लहान आतडं बाहेर काढायचं आणि त्याच्या चारेक इंचाच्या तुकड्याला दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने गाठ मारायची. रक्तवाहिन्यांना धक्का नाही लागला पाहिजे, तुकडा जिवंत राहिला पाहिजे. म्हणजे सॉसेजसारखी बंद पिशवी झाली. त्या पिशवीत जंतूंचं एक मिलिलिटर पाणी सुईने सोडायचं. शेजारी तशीच दुसरी पिशवी बांधायची, तिच्यात नुसतं जंतूविरहित माध्यम, म्हणजे ज्या द्रवात जंतू वाढवतात तो. पोट शिवायचं. दुसऱ्या दिवशी उघडून बघायचं.

नुसत्या माध्यमाची पिशवी चपटी. जंतूंची पिशवी फुग्यासारखी टम्म, आत पेजेच्या निवळीसारखं पाणी. ज्यांनी पटकीचा रुग्ण पाहिलाय त्यांना ते पाणी ओळखू येईल.

हे १९५३ साली चॅटर्जी यांच्यासोबत छापून आलं. यंत्र नाही, परदेशी सामान नाही. ससा, दोरा आणि कुठे बघायचं याची अक्कल.

मग १९५९. आता जंतू गाळून टाकले. ज्या द्रवात ते वाढले होते तो द्रव तेवढा ठेवला, त्यात एकही जिवंत जंतू नाही. तो पिशवीत सोडला. पिशवी फुगली! म्हणजे जंतू जिवंतपणीच विष बाहेर सोडतो आणि ते विष आतड्याच्या आतल्या बाजूने काम करतं. ३० मे १९५९ च्या 'नेचर'मध्ये हे आलं, जेमतेम दोन पानं. कॉख यांच्या तर्कापासून मोजलं तर पंचाहत्तर वर्षं.

मधल्या काळात, १९५६ साली, त्यांनी याच पिशव्यांत ई. कोलाय सोडून पाहिले, जुलाबाच्या रुग्णांकडून मिळालेले. त्यातल्या काहींनी पिशव्या फुगवल्या. ई. कोलाय म्हणजे आपल्या सगळ्यांच्या पोटात राहणारा गरीब बिचारा, अशी तोवरची बहुतेकांची समजूत. त्यातली काही घराणी पटकीच्या विषाचं सख्खं भावंड शोभेल असं विष बनवतात हे नंतर पक्कं झालं. परगावी जाऊन पोट बिघडतं तेव्हा पुष्कळदा यांचाच हात असतो. बाहेरचं खाऊन होणाऱ्या जुलाबांच्या अभ्यासाची एक मोठी वाट या पेपरातून निघाली असं माझं मत आहे, आणि १९५९ च्या पेपरच्या सावलीत तो झाकला गेलाय.

आता मुंबई. त्याच १९५९ साली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांचा पेपर आला. तिथे दत्ता आणि हब्बू यांनी १९५५ मध्येच सशाच्या पिल्लांत पटकी घडवून दाखवली होती. पानसे-कुलकर्णींच्या प्रयोगात पिल्लांना जंतूंऐवजी जंतूंचा पेशीविरहित अर्क तोंडावाटे दिला, तरी जुलाब झाले. दोन शहरं, दोन पद्धती, एक उत्तर, एकच साल. डे यांचं नाव निदान अधूनमधून निघतं. पानसे-कुलकर्णी माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही माहीत नव्हते. मलाही चाळिशी उलटेपर्यंत नव्हते, कशाला खोटं बोलू.

डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७८ मध्ये स्टॉकहोमला पटकीवरच्या नोबेल परिसंवादाचं त्यांना बोलावणं आलं. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. आपल्याकडच्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सभासद करून घेतलं नाही. १९८५ साली गेले.

---

निशिगंध | २१ जुलै, रात्री १०:५०

शीर्षक वाचून पाककृती विभागात मांसाहारी काही आलंय असं वाटून उघडला. उघडला ते बरं झालं. ती मुलगी हुशार आहे हो!

एक शंका. आतड्याला जखम होत नाही, जंतू आत शिरत नाही, तर एवढं पाणी येतं कुठून?

---

खरवस | २१ जुलै, रात्री ११:३१

आपल्याच रक्तातून. विषाच्या रेणूचे सहा तुकडे असतात. पाच सारखे, गोलाकार बसलेले, ते आतड्याच्या पेशीला चिकटतात. सहावा आत घुसतो आणि पेशीतला एक खटका 'चालू'वर अडकवून ठेवतो. मग सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढत जातो, पेशी क्लोराइड बाहेर ओतायला लागते, त्यामागे सोडियम आणि त्यामागे पाणी. नळ बिघडून उघडा राहिला असं समजा. मोठ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं.

मजा अशी की साखरेबरोबर मीठ आत ओढणारं दार हे विष बंद करत नाही. ते उघडंच राहतं. ओआरएस चालतं ते याच दारातून. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाइन संपलं, तेव्हा त्यांनी ड्रममधून मीठ-साखरेचं पाणी वाटलं, नातेवाइकांच्याच हातांनी पाजवलं. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून ३.६ वर आलं.

---

भीमथडी | २२ जुलै, सकाळी ७:०५

सर, दंडवत. आमच्याकडे पटकी म्हटलं की मरीआई. आजी सांगायची, गावात दोन-चार माणसं गेली की मरीआईचा गाडा निघायचा. लाकडाचा छोटा गाडा, त्यात देवी, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, नैवेद्य. वाजतगाजत शिवेवर न्यायचा आणि पलीकडे सोडून मागे न बघता यायचं. पलीकडचं गाव काय मूर्ख आहे का? ते रातोरात गाडा पुढच्या शिवेवर. आजीच्या माहेरी तर राखण बसवायचे, गाडा कोणी आत ढकलू नये म्हणून.

आजोबा वारीला जायचे तेव्हा पटकीची सुई टोचून घ्यावी लागायची. दंड सुजायचा, दोन दिवस ताप. ती सुई कामाची होती की नव्हती? तुमचा लेख वाचून शंका यायला लागलीय.

---

खरवस | २२ जुलै, सकाळी ८:२०

शंका बरोबर आहे. हाफकिन यांनी १८९२ मध्ये ती लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि नंतर कोलकात्याच्या वस्त्यांत टोचली, धाडसाबद्दल वादच नाही. पण सुईने टोचलेल्या लशीचं संरक्षण अर्धंमुर्धं आणि काही महिन्यांपुरतं. रक्तात पहारेकरी उभे केले आणि चोर अंगणातच, घरात येतच नाही, असं काहीसं. १९७३ मध्ये प्रवाशांना पटकीच्या लशीच्या दाखल्याची सक्ती आंतरराष्ट्रीय नियमांतून काढून टाकली. आताच्या लशी तोंडावाटे देतात, म्हणजे पहारा आतड्यातच बसतो. त्यातल्या एकीत तर विषाचे ते चिकटणारे पाच तुकडेच घातलेले असतात, सहावा वगळून.

शिवेवरच्या राखणीबद्दल प्लीज वेगळा धागा काढा.

---

शंकासूर | २२ जुलै, दुपारी १:१५

लेख चांगला आहे, पण थोडं पाणी घालतो. पटकीच्या धाग्यावर चालावं.

एक, आतड्याला गाठी मारायची कल्पना डे यांची पहिली नाही. व्हिओल आणि क्रँडिरोपुलो यांनी १९१५ मध्येच सशाच्या आतड्यावर ते केलं होतं. दोन, डे यांनी १९५३ मध्ये जे कारण दिलं, की केशवाहिन्या पाझरायला लागतात, ते टिकलं नाही. तीन, हा 'उपेक्षित भारतीय शास्त्रज्ञ' सूर मला दर वेळी खटकतो. 'नेचर'मध्ये छापलं, स्टॉकहोमला बोलावलं, ही उपेक्षा?

---

खरवस | २२ जुलै, दुपारी ४:४०

पहिले दोन्ही मुद्दे मान्य, आणि पहिला लेखातच यायला हवा होता. १९१५ म्हणजे डे यांच्या जन्माचंच साल! तो प्रयोग विस्मरणात गेला होता, डे यांनी तो नव्याने उभा केला आणि शेजारी माध्यमाची पिशवी ठेवून पक्का केला. केशवाहिन्यांचंही खरं. पुढे १९६० मध्ये गंगारोसा वगैरेंनी जिवंत रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासले, तेव्हा अस्तर शाबूत दिसलं. त्याआधी समजूत अशी की पटकीत अस्तर सोलून निघतं. ती समजूत आली होती शवविच्छेदनातून, म्हणजे मेल्यानंतर झालेला बिघाड रोगाच्या नावावर खपला होता. पाझर नव्हे, पेशी स्वतः पाणी ओततात, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. उत्तर बरोबर, कारण चूक, असं विज्ञानात चालतं. परीक्षेत मी अर्धेच गुण देतो.

तिसरा मुद्दा अमान्य. बाहेरच्यांनी बोलावलं आणि घरच्यांनी विचारलं नाही, याला मराठीत दुसरा काय शब्द आहे?

---

हिरकणी | २२ जुलै, रात्री ९:०२

अवांतर होईल, पण विचारते. मेमध्ये आमच्याकडचं लग्न झालं. जेवणं दुपारी दोनला. साडेपाचला वरात निघायची वेळ आणि निम्मं वऱ्हाड ओकतंय. नवरदेवसुद्धा. जुलाब फार कोणाला नाहीत, ताप कोणालाच नाही, दुसऱ्या दिवशी सगळे ठणठणीत. संशय बासुंदीवर. आचारी शपथेवर सांगतो की वाढण्याआधी बासुंदी परत खळखळून उकळली होती. मी स्वतः वाफ बघितली होती, म्हणून मीच त्याची बाजू घेतली आणि सासरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. उकळलेल्यातून कशी बाधा होईल?

---

पेट्रीडिश | २२ जुलै, रात्री ११:४८

हिरकणी, तुमचा आचारी खोटं बोलत नाही आणि तरीही बहुधा बासुंदीच. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे, असा कॉल आला की आमचा पहिला प्रश्न "काय खाल्लं?" हा नसतो. "किती तासांनी?" हा असतो.

तीन-साडेतीन तासांत नुसत्या उलट्या, ताप नाही, दिवसात बरं, हे वाचून माझ्या डोक्यात पहिलं नाव स्टॅफिलोकोकस ऑरिअस. हा जंतू माणसाच्या नाकात, हातावरच्या पिकलेल्या फोडात असतो. हात लागला, बासुंदी मेच्या उकाड्यात पातेल्यात चार-पाच तास कोमट राहिली, जंतू वाढले आणि विष सोडून बसले. मग उकळी आली, जंतू मेले, विष मात्र तसंच राहिलं, कारण या विषाला उकळीचं काही वाटत नाही. तुम्ही खाल्लं ते विष, जंतू नाहीच. वर सरांनी लिहिलेला गाळलेल्या द्रवाचा प्रयोग तुमच्या मांडवात झाला म्हणायचं. (पटकीचं विष उलट उष्णतेने मोडतं, पण पटकीत ते तयारच आपल्या पोटात होतं, त्यामुळे उपयोग शून्य.) उलटीचा आणि बासुंदीचा नमुना नसेल तर आता खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही. दुधाचं केलं की लगेच थंड करायचं किंवा कडकडीत गरमच ठेवायचं, मधलं कोमट नको.

आता धाग्याबद्दल. सर, तुम्ही सशापाशी थांबलात, आमच्या टेबलावरची गंमत राहिली. संशयित नमुना आला की तो आधी क्षारयुक्त पेप्टोनच्या (जंतूंच्या खाद्याच्या) पाण्यात टाकतो. पटकीच्या जंतूला आंबट सोसत नाही, क्षार आवडतो, सहाएक तासांत तो बाकीच्यांना मागे टाकून वर येतो. त्याचा थेंब काचेवर लटकवून बघितला तर चिलटांचा थवा उधळावा तसे सुसाट पळतात. मग टीसीबीएस नावाच्या, जंतू वाढवायच्या माध्यमाची हिरवी थाळी. सकाळी त्यावर पिवळ्या, चपट्या, चमकदार वसाहती. आणि मग माझी लाडकी चाचणी. काचेवर डीऑक्सिकोलेटचा (पित्तातल्या एका क्षाराचा) थेंब घ्यायचा, त्यात वसाहत कालवायची. मिनिटभरात चिकट होतं. तारेचं टोक हळूच वर उचलायचं, आणि लांब तार सुटते. थेट एकतारी पाक! नव्या मुलींना मी तसंच शिकवते. ज्यांच्या आईने लाडू केलेत त्यांना परत सांगावं लागत नाही.

---

कोळीवाडा | २३ जुलै, सकाळी ६:३०

पेट्रीडिशताई, मासळी खाणाऱ्यांना घाबरवू नका हां. पण विचारून ठेवतो, कालवं, तिसऱ्या यांच्यात असतो का हा?

---

पेट्रीडिश | २३ जुलै, सकाळी ९:१५

याचा भाऊ असतो, व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. खाऱ्या पाण्यातला. आमच्या थाळीवर तो पिवळा न येता हिरवा येतो, कारण त्याला साखर आंबवता येत नाही. जपानी संशोधक फुजिनो यांना तो १९५० साली ओसाकात सापडला, अर्धवट वाळवलेल्या बारीक मासळीतून २७२ जण आजारी पडले होते आणि २० दगावले. आपल्याकडे कालवं शिजवून खातात ते उत्तम. कालवणाला नीट कढ आला की तो गेला. कच्ची कालवं लिंबू पिळून खायची नवी फॅशन आलीय, ती पावसाळ्यात तरी नको. आणि कच्ची मासळी चिरलेल्या विळीवर लगेच कोशिंबीर चिरू नका, घोळ तिथे होतो.

---

शंकासूर | २३ जुलै, सकाळी ११:००

या आंबट न सोसण्याचा आणखी एक पैलू. निरोगी माणसाला पटकी व्हायला जंतू कोट्यवधी लागतात, कारण जठरातल्या आम्लातच बहुतेक मरतात. स्वयंसेवकांना आधी सोडा देऊन आम्ल मारलं, तर त्याच्या कितीतरी पट कमी जंतूंनी काम झालं. उठसूट आम्लपित्ताच्या गोळ्या खाणाऱ्यांनी पाणीपुरीच्या गाडीसमोर उभं राहताना हे आठवावं. मी स्वतः दोन्ही करतो.

---

निशिगंध | २३ जुलै, दुपारी ३:२५

पाण्यावरून आठवलं. आमची आत्या पावसाळ्यात माठाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधायची, चार पदरी. त्याने काही होतं का, की मनाचं समाधान?

---

खरवस | २३ जुलै, रात्री ८:१०

होतं! अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत नेमकं हेच तपासलं. जुनी सुती साडी, निदान चार पदर. पटकी ४८ टक्क्यांनी कमी झाली. एकटा जंतू त्यातून सहज जाईल, पण पाण्यात तो बारीक कवचवाल्या जिवांना चिकटून राहतो आणि ते अडकतात. नव्यापेक्षा जुनी साडी चांगली, धुऊन धुऊन धागे फुलतात आणि भोकं बारीक होतात. अर्थात पाणी उकळणं केव्हाही बरं. फडकं ऊन दाखवून वाळवायचं, नाहीतर सगळं उलटं.

कोणीतरी व्यक्तिगत निरोपात घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी करायचं प्रमाण विचारलंय. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. शीग लावू नका, मीठ जास्त झालं तर घातक. पाकीट मिळत असेल तर पाकीटच. चवीच्या पेयांचे खोके म्हणजे ओआरएस नव्हे. आणि डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर हा धागा बंद करून दवाखान्यात जा.

---

भीमथडी | २४ जुलै, सकाळी ६:५५

सर, काल रात्री थोरल्या काकूंना फोन केला होता, मरीआईच्या गाड्याबद्दल विचारायला. वय ब्याण्णव, पण आठवण पक्की. गाड्याचं सांगता सांगता म्हणाल्या, माझा धाकटा भाऊ त्यात गेला, नऊ वर्षांचा. मी विचारलं, औषध काय करायचे तेव्हा? म्हणाल्या, औषध कुठलं, पाणी तोडायचे. जेवढं पाजशील तेवढं वाहून जातं, म्हणून घागरीवर उलटं ताट घालून त्यावर पाटा ठेवला होता. तो रात्रभर घागरीकडे बोट करत होता.